मेळघाटात सहकुटुंब मुक्काम : पाहुणे होण्याची पूर्वतयारी

हिवाळा सुरू झाला की अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांतून नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत 'कॅम्पिंग' हा शब्द मुलांच्या तोंडून हमखास ऐकू येतो. तयार तंबू, तयार शेकोटी, तयार जेवण, ध्वनिवर्धकावर सिनेमाची गाणी आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत जागा रिकामी करण्याची सूचना, असे या प्रकाराचे सध्याचे स्वरूप आहे. पैसे मोजून मुलांना तंबू दाखवता येतो. परंतु तंबू कुठे ठोकायचा, पाणी कुठून आणायचे, अंधार पडल्यावर काय करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाशी त्यांची गाठ पडत नाही. आईवडिलांचीही पडत नाही. सगळे कुटुंब ग्राहक म्हणून जाते आणि ग्राहक म्हणूनच परत येते.

वास्तविक सहकुटुंब उघड्यावर मुक्काम करणे ही वऱ्हाडला पाश्चात्त्यांनी शिकवलेली गोष्ट नव्हे. चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालते. एकेकाळी शेतकरी कुटुंबे बैलगाड्यांत धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण घालून येत, राहुट्या ठोकत आणि तिथेच संसार मांडत. लेकीजावयांना, सोयऱ्याधायऱ्यांना राहुटीवर जेवायला बोलावणे हा त्या दिवसांतला मोठा मान असे. राहुट्या आजही लागतात. मात्र मोटारीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. पंढरीच्या वारीचेही तेच. पाऊस अंगावर घेत आठवडेच्या आठवडे तंबूंतून मुक्काम करणारी लक्षावधी माणसे ज्या समाजात आहेत, त्या समाजाने कॅम्पिंग ही परक्याची हौस मानावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

आपल्या परिवारातील वाचकांना तर तंबूचे अप्रूप असण्याचे कारण नाही. हिवाळी शिबिरे, प्राथमिक वर्ग, संघ शिक्षा वर्ग यांतून वर्षानुवर्षे सतरंजीवर झोपलेले, पहाटेच्या थंडीत गार पाण्याने आंघोळ केलेले कितीतरी गृहस्थ गावोगावी आहेत. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाल्यापासून भगिनींचे वर्गही होत आले आहेत. परंतु एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. पती आपल्या शिबिराला जातो, पत्नी तिच्या, मुले बालशिबिराला. हे चौघे एका तंबूत एकत्र कधी राहिले आहेत? शिबिरात पंगतीत वाढणारा, स्वतःचे ताट स्वतः घासणारा कार्यकर्ता घरी आला की चहाचा कप उचलत नाही, असा अनुभव अनेक वहिनी हसत हसत सांगतात. त्या हसण्यात थोडी तक्रार असते, ती ऐकली पाहिजे. सहकुटुंब मुक्कामाच्या तयारीतला पहिला निर्णय तंबूच्या खरेदीचा नाही. स्वयंपाक कोण करणार, याचा आहे. गृहिणीने घरातल्या ओट्याऐवजी तीन दगडांच्या चुलीपुढे बसायचे असेल, तर तिच्यासाठी ती सुट्टी कसली? शिबिरातली गटव्यवस्था घरात आणावी. पाण्याचा गट, स्वयंपाकाचा गट, स्वच्छतेचा गट, आणि प्रत्येक गटात घरातला किमान एक पुरुष.

नवशिक्या कुटुंबाने पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढावी. हे वाचून कोणी हसेल. पण गच्चीवरच कळते की धाकट्याला अंधाराची भीती वाटते, आजोबांना रात्री दोनदा उठावे लागते, विजेरीतले सेल संपले आहेत आणि दवाने पांघरूण ओले होते. खाली घर आहे, तेव्हा चूक महागात पडत नाही. अंथरुणाखाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, डोक्याला कानटोपी आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढ्यावर वऱ्हाडातली थंडी सहज निभते. महागडा तंबू या टप्प्यावर घेऊ नये. आधी कुणाचा तरी मागून आणावा.

दुसरा मुक्काम ओळखीच्या शेतात. पौषात ज्वारी हुरड्यावर येते. संत्र्याचे बगीचेही ऐन भरात असतात. आपल्यापैकी बहुतेकांचे मामा, काका किंवा शाळासोबती अजून शेतीत आहेत. त्यांच्या शेतात एक रात्र मागून घ्यावी. रोडगे आणि वांग्याची भाजी यासारखे मुक्कामाचे जेवण नाही. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांत मुले जेवढे बोलतात तेवढे घरी आठवड्यात बोलत नाहीत. याच रात्री मुलांना शेकोटी पेटवायला शिकवावे, आणि त्याहून अधिक काळजीने विझवायला. पाणी ओतून, राख उकरून, हात धरून पाहावा. ऊब लागली तर पुन्हा पाणी. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर शौचालयाची व्यवस्था आधी विचारावी. संकोचामुळे हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग दिवसभर पाणी न पिता राहण्याची वेळ घरातील स्त्रियांवर येते, आणि पुढच्या मुक्कामाला त्या नकार देतात. तो नकार रास्त असतो.

या दोन मुक्कामांनंतर मेळघाटाचा विचार करावा. परतवाड्यावरून घाट चढला की सेमाडोह, कोलकास, हरिसाल करीत रस्ता धारणीला पोहोचतो. सोबत कुठे कुठे सिपना नदी असते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव देणाऱ्या लोकांच्या प्रदेशात आपण आलो आहोत, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवावे.

इथे अमेरिकेतल्या नातलगांचा सल्ला उपयोगी पडत नाही. तिकडची मराठी कुटुंबे सरकारी उद्यानांत क्रमांक घातलेल्या जागांचे आरक्षण करून राहतात. जागेवर टेबल असते, शेकोटीसाठी लोखंडी कडे असते, जवळपास नळ असतो. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करणे आणि आग लावणे हे गुन्हे आहेत. नदीकाठी स्वच्छ वाळू दिसली म्हणून तिथे तंबू ठोकणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. कारण तोच श्वापदांचा पाण्यावर येण्याचा मार्ग असतो. म्हणून नवशिक्या कुटुंबाने सेमाडोह किंवा कोलकासच्या वनखात्याच्या निवासात आरक्षण करून राहावे. छप्पर पक्के असले तरी रात्रीचा काळोख आणि रातकिड्यांचा आवाज तोच असतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातले पर्यटन बंद असते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा काळ. राहता राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस, तेच उत्तम. वाघ दिसेल असे मुलांना मुळीच सांगू नये. सकाळी ओल्या मातीत उमटलेले ठसे ओळखण्यात अख्खा दिवस जातो, आणि नशिबात असेल तर रानपिंगळाही दिसतो. हा छोटासा पक्षी शंभरावर वर्षे नामशेष समजला जात होता. तो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही आढळला.

औषधांची पेटी न्यावी. मलेरियाचा धोका असल्याने मच्छरदाणी इथेही सोडू नये. सर्पदंश झाल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिक शोधणे हे सगळे बाजूला ठेवून रुग्णाला न चालवता, दंश झालेला अवयव न हलवता थेट रुग्णालयात न्यावे. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. मात्र घाटरस्त्याने अंतर कापायला वेळ लागतो आणि बऱ्याच टापूत भ्रमणध्वनी चालत नाही. त्यामुळे आपण कुठे उतरणार आणि कधी परतणार, हे घरी कुणाला तरी लिहून देऊन निघावे.

सामानाविषयी इतके पुरे. खरा प्रश्न पुढचा आहे.

मेळघाट हे केवळ जंगल नव्हे, ते कोरकूंचे घर आहे. शहरातल्या आपल्या मुलांना मेळघाट ठाऊक असतो तो कुपोषणाच्या बातम्यांतून किंवा चिखलदऱ्याच्या सहलीतून. पैकी पहिल्याने कीव शिकवली, दुसऱ्याने बेफिकिरी. दिवाळीच्या सुमारास जुन्या कपड्यांची गाठोडी आणि फरसाणाची पाकिटे घेऊन गाड्या वर चढतात, गावात रांग लावली जाते, छायाचित्रे निघतात आणि सूर्यास्तापूर्वी गाड्या खाली उतरतात. यामागचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. आपल्याही ओळखीचे अनेक सज्जन यात असतात. तरीही स्पष्टच सांगितले पाहिजे की, सहकुटुंब पहिल्या मुक्कामात ही गाठोडी बरोबर असू नयेत. आपल्या मुलाने आपल्याच वयाच्या कोरकू मुलाला प्रथम पाहावे ते हात पसरलेल्या अवस्थेत, ही ओळख जन्मभर पुसत नाही, दोघांच्याही मनातून. वनवासी बांधव हे आपल्या समाजाचे अभिन्न अंग आहेत, असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. बंधूच्या घरी जाताना कोणी त्याला रांगेत उभे करीत नाही.

मेळघाटाला मुक्कामाचा खरा अर्थ दाखवणारी माणसे झाली आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे १९८०च्या दशकात गेले आणि डॉ. स्मिताताईंसह तिथेच राहिले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. सुनीलजी २०२१ साली गेले. बांबूपासून राखी, फर्निचर आणि घरही कसे उभे राहते, हे मुलांनी तिथे पाहण्यासारखे आहे. पाहून आवडले तर वस्तू पूर्ण किंमत देऊन विकत घ्यावी. घासाघीस करू नये.

वेळेचाही विचार करावा. दिवाळीनंतर धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतून अनेक कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, इतर जिल्ह्यांच्या शेतांत जातात आणि होळीला परत येतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या काळात रस्त्यावर फगवा मागायला थांबवणाऱ्या पोरी दिसतील. त्यांच्यावर चिडू नये, हसून फगवा द्यावा. परंतु या हिशेबाचा दुसरा अर्थ अधिक टोचणारा आहे. ज्या थंडीच्या महिन्यांत आपण हौसेने तंबूत झोपायला मेळघाटात जातो, नेमक्या त्याच महिन्यांत तिथली कुटुंबे पोटासाठी आपल्या शहरांच्या कडेला पाल ठोकून झोपलेली असतात. त्यांच्या पालाला आरक्षण नसते, शौचालय नसते, मुलांची शाळा बुडालेली असते. परतीच्या वाटेवर गावाबाहेरच्या वीटभट्टीवर अशी पाले दिसली, तर मुलांना खिडकीतून दाखवण्याऐवजी गाडी थांबवून, उतरून बोलावे. 'कोणत्या गावचे?' एवढ्या प्रश्नाने संभाषण सुरू होते, आणि आपण नुकतेच त्याच गावाजवळून आलो असलो तर बरेच पुढे जाते.

कोरकू गावात ओळख काढून गेल्यास, आणि ती काढूनच जावे, संध्याकाळी वडीलधाऱ्यांकडे गोष्ट मागावी. रावणाच्या विनंतीवरून महादेवाने मातीच्या बाहुल्यांतून पहिले स्त्रीपुरुष घडवले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. मेघनादालाही तिथे मान आहे. आपल्यापैकी एखाद्याला हे ऐकताना चुळबुळ होईल आणि 'पण रामायणात तर...' असे ओठावर येईल. ते ओठावरच राहू द्यावे. आपल्या परंपरेचा विस्तार आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे, हे व्याख्यानात सांगणे सोपे असते. शेकोटीपुढे शांत बसून ऐकणे त्याहून कठीण.

जेवणाचा आग्रह झाला तर जेवावे. ज्वारीची किंवा मक्याची भाकरी असेल, पातळ डाळ असेल. मुलांनी नाक मुरडू नये एवढी तालीम शेतातल्या मुक्कामात झालेली असावी. पैसे देऊन त्या घराचा पाहुणचार मोजू नये. परत आल्यावर पत्र लिहावे, काढलेली छायाचित्रे छापून पाठवावीत.

आणि निघताना त्या कुटुंबाला आपल्या घरी येण्याचे निमंत्रण द्यावे, तारीख ठरवून. अमरावतीला दवाखान्याच्या, कचेरीच्या कामाला त्यांना यावेच लागते; रात्र बहुधा बसस्थानकावर जाते. ते आले तर कोणत्या खोलीत झोपतील, हे घरातल्या सगळ्यांनी मेळघाटाला निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.