वाक्यं किती आहेत?

तालमीच्या पहिल्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. पोरगं दप्तर टाकून पटांगणात पळालेलं असतं आणि त्याची आई, नाहीतर बाबा, मला दारातच गाठतात. "बाई, आमच्याला वाक्यं किती?"

मिरजेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं मुलांची नाटकं बसवली. काही स्नेहसंमेलनासाठी, काही बालनाट्य स्पर्धेसाठी. निवृत्त झाले तरी सुट्टीत वीसेक मुलं घेऊन बसतेच. अलीकडं त्या प्रश्नाला शेपूट फुटलंय, "यातून पुढं सिरियलमध्ये घेतात का हो?"

मला राग येत नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडं मालिकांची शूटिंग होतात, ओळखीत कुणाच्या तरी भाचीला काम मिळालेलं असतं. आपल्या पोरालाही मिळावं असं वाटण्यात गैर काही नाही. पण वाक्यं मोजून मुलाचं काम मोठं की लहान ठरवणं चूक आहे. याचा दाखला शोधायला मला लांब जावं लागत नाही.

1905 साली याच मिरजेत, किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतल'मध्ये सतरा वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला होऊन पहिल्यांदा उभा राहिला. तेच बालगंधर्व. त्यांची पुढची कहाणी इथं सगळ्यांना पाठ आहे. गावातल्या नाट्यगृहालाही त्यांचंच नाव आहे. 1913 मध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. लवकरच या मंडळीत कोल्हापूरचं एक बारा-तेरा वर्षांचं पोर दाखल झालं. वाट्याला लहानसहान कामं. नट म्हणून तिथं त्याचं नाव झालं नाही आणि ते फार काळ टिकलंही नाही. पुढं मिरजेहून गाडी जाते त्या हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात ते राबलं, पत्र्याच्या थेटरात पडेल ते काम केलं, आणि 1920 मध्ये बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरलं. त्या पोराचं नाव शांताराम वणकुद्रे. तुम्ही-आम्ही ओळखतो ते व्ही. शांताराम.

1932 मध्ये 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त टेंबे हरिश्चंद्र झाले तेव्हा दिग्दर्शक शांतारामबापू होते. 1935 मध्ये 'धर्मात्मा' आला. त्यात बालगंधर्व संत एकनाथ आणि दिग्दर्शक पुन्हा तेच. ज्यांच्या मंडळीत पोरवयात काम केलं, त्यांनाच कॅमेऱ्यापुढं कुठं उभं राहायचं ते सांगायची वेळ आली! बालगंधर्वांना पडदा मानवला नाही. 1937 च्या 'साध्वी मीराबाई'नंतर त्यांनी रंगभूमीच जवळ केली. नाटकात ज्याच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नसेल, तो मुलगा मात्र सिनेमाचा होऊन राहिला.

शेजारच्या सांगलीतही असंच घडलं. दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीची नाटकं बघत-ऐकत लता मंगेशकर वाढल्या. एप्रिल 1942 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये त्या पडद्यावर आल्या. वडील गेले तेव्हा त्यांना तेरा वर्षंही पुरी झाली नव्हती. घर चालवायचं म्हणून आणखी काही चित्रपटांत कामं केली, पण तोंडाला रंग फासणं त्यांना कधी आवडलं नाही. नाटकाच्या घरानं त्यांना दिला तो कान.

मोठी नावं बाजूला ठेवते. माझ्या एका नाटकात एक मुलगा झाड होता. पुठ्ठ्याची फांदी धरून चाळीस मिनिटं उभं राहायचं, वाक्य एकही नाही. त्याचे वडील माझ्यावर रुसले होते. प्रयोगात नायिका मधेच अडली, डोळे भरून आले. तेवढ्यात फांदी जरा हलली आणि झाडाच्या पोटातून तिचं वाक्य आलं. दोन महिने उभ्या उभ्या त्यानं सगळ्यांचीच वाक्यं पाठ केली होती. तो आता मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक आहे, कंटिन्युइटी बघतो. मागच्या दिवाळीला घरी आला तेव्हा सांगत होता, "बाई, मागच्या शॉटला चहाचा कप डाव्या हातात होता आणि निम्मा संपला होता, हे लक्षात ठेवायचे मला पैसे मिळतात." नायिका झालेली मुलगी बँकेत नोकरीला आहे. तीही मजेत आहे.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेला माणूस आधी तारा छेडून बघतो. कारागीर मात्र घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसलेला असतो. दोरा स्वतः वाजत नाही, पण तो जागेवर नसेल तर तार बोलत नाही.

स्वतः न बोलता दुसऱ्याला बोलतं करणं, हे सेटवर मुलाला शिकायला मिळत नाही. तिथं त्याला बोलावतात ते त्याच्या शॉटपुरतं. बाकी वेळ आईजवळ, मोबाईलशी. यात दोष कुणाचा नाही, ते कामच तसं आहे. मुलं दमू नयेत म्हणून कायद्यानंही बांध घातलाय. 2017 च्या नियमांप्रमाणं बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त, किंवा विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा त्याच्या नावानं बँकेत ठेवावा लागतो. ऑडिशनला नेणाऱ्या पालकांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं. पण दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना विंगेत गप्प उभं राहायचं, त्याचा घाम बघायचा, आपल्या एन्ट्रीसाठी कान टवकारून थांबायचं, हे तालमीतच होतं.

म्हणून शाळांना आणि नाटक बसवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की निवड चाचणी घेऊन चुणचुणीत तेवढे उचलू नका. येईल त्याला घ्या. राजा झालेल्या मुलाला एक आठवडा पडदा ओढायला लावा आणि पडदेवाल्याला राजाची वाक्यं वाचायला द्या. बक्षीस हुकलं तर हुकलं.

यंदाही पहिल्या दिवशी एका आईनं दारात विचारलंच. मी म्हटलं, "एकही नाही. पण तालमीला रोज यायचं." त्या काही बोलल्या नाहीत, पोराचा हात धरून गेल्या. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. एकटाच.