विश्लेषण : ‘व्हेंटिलेटर काढायचा का?’ हा निर्णय नेमका कोणाचा?

रुग्ण बेशुद्ध आहे, आजार बरा होणारा नाही आणि आयसीयूबाहेर ताटकळलेल्या नातेवाईकांना डॉक्टर विचारतात, ‘पुढे काय करायचे?’ अशा वेळी अनेक कुटुंबे ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’च्या कागदावर सही करून रुग्णाला घरी नेतात. तिथे वेदना कमी करणारे उपचार मिळतीलच, याची खात्री नसते. प्रत्यक्षात यासाठी सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर मार्ग आखून दिलेला आहे.

हे इच्छामरणच ना?

इंजेक्शन देऊन जीव घेणे भारतात आजही गुन्हा आहे. मात्र, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम आधार काढणे किंवा सुरूच न करणे याला परवानगी आहे. त्याला ‘निष्क्रिय इच्छामरण’ म्हटले जाते. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

अरुणा शानबाग प्रकरणात काय झाले होते?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांचा आधार काढण्यास विरोध होता. २०१५ मध्ये न्यूमोनियाने अरुणा यांचा मृत्यू झाला.

आता प्रक्रिया कशी आहे?

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने नियम सुटसुटीत केले. रुग्णाने आधी काही लिहून ठेवले नसले, तरी पुढील मार्ग खुला असतो :

• उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ रुग्णाला तपासते. शक्यतो ४८ तासांत मत देते.

• जवळच्या नातेवाईकांची लेखी संमती घेतली जाते.

• दुसरे मंडळ पुन्हा पडताळणी करते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो.

• अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते.

मंडळाने नकार दिल्यास कुटुंबाला उच्च न्यायालयात जाता येते. म्हणजे संमती घरच्यांची लागते, पण निर्णयाचा सगळा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर नसतो. आधार काढला तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा थांबत नाही.

‘लिव्हिंग विल’ कसे करायचे?

१८ वर्षांवरील, मानसिकदृष्ट्या सक्षम कोणतीही व्यक्ती ते करू शकते. कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे त्यात स्पष्ट लिहावे. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करावे लागते. त्याची प्रत घरच्यांना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. विचार बदलल्यास ते केव्हाही रद्द करता येते. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी २०२४ मध्ये राज्यातील पहिले लिव्हिंग विल नोंदवले.

मग नातेवाईकांनी विचार कसा करावा?

‘आम्ही आईला सोडायचे का?’ हा प्रश्न भावंडांत वाद लावतो आणि अपराधीपणा मागे ठेवतो. ‘आईला बोलता आले असते, तर तिने काय सांगितले असते?’ या प्रश्नाने चर्चा मुद्द्यावर येते. मात्र, त्याचे उत्तर आयसीयूच्या दारात सापडत नाही. आई-वडील धडधाकट असतानाच त्यांना ते विचारून ठेवावे लागते.