श्रवण झालें, मननाचें काय?

मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय शिकण्यास आतां महाविद्यालयाची, ग्रंथालयाची किंवा शिक्षकाची गरज उरलेली नाहीं. कानांत इयरफोन घालावा, पॉडकास्ट ऐकावे, म्हणजे दोन वर्षांत पदवीधराहून अधिक ज्ञान पदरीं पडतें, असें मत अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून मोठ्या आत्मविश्वासानें बोललें जातें. मुलांच्या शिक्षणावर ज्यांनीं आयुष्याची कमाई खर्च केली, असे गृहस्थही हें ऐकून मान डोलावतात. पूर्वीं आम्हांस याचें हसूं येत असे. आतां येत नाहीं. हें मत चुकीचें आहे आणि घातकही आहे, असें आमचें म्हणणें आहे. त्या घातांत अध्यापकवर्गाचा, म्हणजे आमचा स्वतःचा, वांटा लहान नाहीं, हेंही येथेंच कबूल करून ठेवतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही कानाचे वैरी नाहीं. ज्या महाराष्ट्रांत अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यानें कीर्तनाला बसून अद्वैताची चर्चा पचविली, त्या महाराष्ट्रांत श्रवणाची निंदा करणें म्हणजे आपल्याच आजोबांची निंदा करणें होय. पॉडकास्ट हा शब्दच मुळीं २००४ सालचा. पण ऐकून शहाणें होण्याची रीत आपल्याकडे शब्दाहून फार जुनी आहे. शिवाय ज्या माणसाला बारा-बारा तासांची पाळी करावी लागते, ज्याचे दोन तास लोकलच्या गर्दींत जातात, त्याला ‘बाबा रे, पुस्तक वाच’ असें सांगणें हा निव्वळ दांभिकपणा आहे. मराठींत या क्षेत्रांत चांगलें कामही चाललें आहे. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही १९९० सालीं स्थापन झालेली संस्था ‘आवाहन’ या नांवानें मानसिक आरोग्यावर मराठींतून व्याख्यानें प्रसृत करिते. ‘अमुक तमुक’सारख्या पॉडकास्टमधून तज्ज्ञांच्या मुलाखती सामान्य घरापर्यंत पोंचतात. ज्या घरांत ‘मानसोपचार’ हा शब्द उच्चारणेंही लाजिरवाणें होतें, तेथें आज तो जेवतांना बोलला जातो, हें श्रेय त्यांचेंच आहे. तें नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. आपल्या परंपरेनें श्रवण ही पहिली पायरी मानिली. तिच्यावर मनन आणि निदिध्यासन अशा आणखी दोन सांगितल्या. आज पहिल्या पायरीवर उभें राहून गच्चीवर पोंचल्याची घोषणा चालली आहे.

आम्हांस हें कोठें दिसलें, तें सांगतों. गेल्या हिवाळ्यांत एके सकाळीं अंबरनाथ स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. एमआयडीसींतील आनंदनगर भागांत एका रसायनांच्या कारखान्यांत तो कामाला आहे. रात्रपाळी संपवून बदलापूरला घरीं निघाला होता. डोळे तांबारलेले, पण बोलण्यांत उत्साह. म्हणाला, “सर, दोन वर्षें रोज ऐकतोंय. तुमच्या तीन वर्षांत कळलें नाहीं तेवढें मानसशास्त्र कळलें.” मग त्यानें अटॅचमेंट, ट्रॉमा, नार्सिसिझम, टॉक्सिक असे शब्द एकामागून एक मांडले. प्रत्येक शब्दाला त्याच्या घरांतलें एक माणूस चिकटविलेलें होतें. वडिलांच्या वांट्याला ‘इमोशनली अनअव्हेलेबल’ हा शब्द आला होता. या शोधानंतर पांच महिने बापलेकांत कामापुरतेंच बोलणें होतें.

आम्हीं विचारलें, “वडील काय करीत असत?” तो म्हणाला, “इथेंच होते, तीस वर्षें. फिरती पाळी.” आम्हीं पुढें विचारलें, “तुझ्या लहानपणीं महिन्यांतल्या किती रात्रीं ते घरीं असत?” त्याला सांगतां येईना. हा प्रश्न त्यानें ऐकलेल्या शेंकडों तासांत कोणीं त्याला विचारलाच नव्हता.

आमच्या आक्षेपाचें मूळ येथें आहे. शास्त्र म्हणजे निष्कर्षांची यादी नव्हे. निष्कर्ष कसा काढला, कोणावर काढला, तो चुकला असल्यास कसें कळेल, या प्रश्नांचें नांव शास्त्र. पॉडकास्टचा स्वभाव असा कीं तो निष्कर्ष तेवढा सांगतो आणि प्रश्न गाळतो. कारण निष्कर्षाची गोष्ट होते, प्रश्नांची होत नाहीं.

उदाहरण घेऊं. स्टॅनफर्ड विद्यापीठांत वॉल्टर मिशेल यांनीं केलेला लहान मुलांचा प्रयोग आतां गल्लोगल्लीं ठाऊक आहे. मुलापुढें एक गोड वडी ठेवायची. थोडा वेळ धीर धरलास तर दुसरी मिळेल असें सांगायचें. जें मूल थांबतें तें पुढें आयुष्यांत यशस्वी होतें. ऐकणारा आईबाप लगेच आपल्या पोराकडे संशयानें पाहूं लागतो. पण २०१८ सालीं नऊशेंहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हां तपासला गेला, तेव्हां तो पूर्वीच्या मानानें निम्माच भरला. आणि घरची परिस्थिति हिशेबांत घेतल्यावर तोही बहुतेक विरला. त्याआधीं २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, मोठ्या माणसानें दिलेला शब्द पाळला असें पाहिलेलीं मुलें सरासरी बारा मिनिटें थांबलीं, आणि शब्द मोडलेला पाहिलेलीं मुलें तीनच मिनिटें. ज्या घरांत पगार कधीं होईल हें ठेकेदाराच्या मर्जीवर असतें, त्या घरांतल्या पोरानें हातांतली वडी लगेच खाल्ली तर तो त्याचा दुबळेपणा कीं व्यवहारज्ञान? पहिली गोष्ट लाखोंनीं ऐकली. नंतरची तपासणी किती जणांनीं ऐकली?

हा प्रकार एकट्या वडीपुरता नाहीं. २०१५ सालीं मानसशास्त्रांतील शंभर प्रसिद्ध झालेलीं संशोधनें पुन्हां करून पाहण्यांत आलीं, तेव्हां सुमारें ३६ टक्क्यांतच मूळच्यासारखा स्पष्ट निकाल मिळाला. ही त्या शास्त्राची नामुष्की नव्हे. आपली चूक आपणच शोधून छापण्याची ही हिंमतच त्याला शास्त्र ही पदवी देते. पण ज्यानें मूळ गोष्ट तेवढी ऐकली आणि तिच्यावर आपल्या बापाचा निवाडा केला, त्याच्या हातीं शास्त्र लागलें नाहीं. एक नवी पोथी लागली.

दुसरें उदाहरण तर कारखान्यांतलेंच आहे, म्हणून अंबरनाथकरांनीं तें विशेष ध्यानांत घ्यावें. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यांत १९२४ ते १९३२ या काळांत प्रयोग झाले. त्यांचें सार सर्वत्र असें सांगितलें जातें कीं, कामगाराकडे आपुलकीनें लक्ष दिलें म्हणजे काम वाढतें. दिवा कमी केला तरी वाढतें. व्यवस्थापकांना हें सार फार आवडतें, कारण आपुलकीला पैसे पडत नाहींत. पण रिले जोडणाऱ्या ज्या मोजक्या स्त्रियांवर या मालिकेंतला प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यांच्या मजुरीची पद्धत प्रयोगासाठीं बदलली होती. त्यांच्या लहानशा गटाच्या कामावर त्यांची कमाई ठरूं लागली होती. आणि १९२८ च्या आरंभीं त्यांतल्या दोघींना सहकार्य करीत नाहींत म्हणून काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. उजेडाच्या प्रयोगांचे आंकडे २०११ सालीं नव्यानें तपासले गेले, तेव्हां त्या सुप्रसिद्ध परिणामाचा पुरावा अगदीं क्षीण निघाला. मजुरी बदलली, माणसें बदललीं, आणि गोष्ट मात्र उरली ती आपुलकीची! अशी गोष्ट कानांत घालून जो पर्यवेक्षक सकाळीं कारखान्यांत शिरतो, तो काय शिकून आला, असें समजावें?

आमचा तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कानांत घातलेला आवाज एकट्याशीं बोलतो. म्हणून तो प्रत्येक दुःख एकट्याचें करून टाकतो. झोंप येत नाहीं, तर श्वास मोजा. चिडचिड होते, तर मर्यादा आंखा. थकवा येतो, तर स्वतःवर प्रेम करा. हे उपाय निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण रात्रपाळी दर आठवड्याला फिरत असेल तर झोंप न येण्याचें कारण मनांत शोधावें कीं हजेरीपत्रकांत? अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांत जाते. २०१४ सालीं तिच्यांत घातक रसायन ओतलें गेलें, तेव्हां कांठच्या अनेक रहिवाशांना श्वास कोंडून रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या रात्रीं छातींत जी धडधड झाली, ती ‘अँग्झायटी’ नव्हती. मानसशास्त्राला समाजशास्त्राची जोड नसली म्हणजे तें अन्यायाचें दुखणें रोग्याच्याच माथीं मारतें. पॉडकास्टच्या बाजारांत मनाला गिऱ्हाईक फार आणि समाजाला थोडें, याचें कारण उघड आहे: मनाचा उपाय विकतां येतो, पाळीच्या वेळा विकतां येत नाहींत.

यावर आमचे मित्र म्हणतील, “पुस्तकेंही चुकतातच कीं! आणि पॉडकास्ट थांबवतां येतो, मागें नेऊन पुन्हां ऐकतां येतो.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु पुस्तक चुकलें तर त्याची टीप, त्याचा आधार, त्याचें कोष्टक तेथेंच पानावर असतें. चुकीचा माग काढतां येतो. आणि सकाळच्या लोकलमध्यें एका हातानें दांडी धरून उभा असलेला मनुष्य वाक्य मागें नेऊन तपासतो, हें आम्हीं गेल्या कित्येक वर्षांच्या प्रवासांत पाहिलेलें नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. खटले सोसले, पण वाचकांच्या शंकांना छापून उत्तरें देण्याचें सोडलें नाहीं. वाचकाला उलट विचारतां येत होतें, आणि तें विचारणें सर्वांच्या देखत होत होतें. अशी सोय जो पॉडकास्ट करील, त्याला आम्ही आनंदानें शाळा म्हणूं.

आतां आमच्या स्वतःच्या अंगणांत येऊं. त्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सारें तेथेंच ऐकविलें, त्यानें शांतपणें चहा संपविला आणि म्हणाला, “सर, बरोबर आहे. पण तुम्हीं तीन वर्षें शिकवलें, तेव्हां तुम्हींही कधीं वडिलांना विचारून ये असें सांगितलें नाहीं. तुम्हीं टिपणें लिहून दिलीं.”

यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं समाजशास्त्राचा विभाग निघाला. मालवणचे घुर्ये त्याचे प्रमुख झाले आणि १९३२ सालीं त्यांचा जातिसंस्थेवरील गाजलेला ग्रंथ इंग्रजींत निघाला. इरावतीबाई कर्वे यांनीं मात्र इंग्रजीबरोबर मराठींतही लिहिलें, माणसांत हिंडून लिहिलें. डॉक्टर मॅन यांनीं पुण्याजवळच्या एका खेड्यांत घरोघर फिरून शेत आणि श्रम यांचा हिशेब मांडला, तो १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची पाहणी करविली. म्हणजे पायानें चालून शास्त्र करण्याचा धडा आमच्याच मुलुखांत होता. तो टाकून आम्हीं परीक्षेचीं टिपणें वांटलीं. इंग्रजींत वाचलें, इंग्रजींत निबंध लिहिले, आणि मराठी घरांतल्या जिज्ञासेला उपाशी ठेवलें. उपाशी माणूस जें समोर येईल तें खातो. तें खाल्ल्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो?

तेव्हां आमचें मागणें दुहेरी आहे. ज्यांना बोलतां येतें अशा अध्यापकांनीं मराठींत बोलावें, आणि बोलतांना ‘हें कशावरून?’ याचें उत्तर प्रत्येक वेळीं द्यावें. ऐकणाऱ्यांनीं चार तास ऐकल्यावर एक तास वाचावें, दोघांतिघांनीं बसून त्यावर भांडावें, आणि ऐकलेला शब्द घरच्या माणसाला चिकटविण्यापूर्वीं त्या माणसाला निदान एक प्रश्न विचारावा. एवढें झालें तर कान हेंही शिक्षणाचें साधन ठरेल. न झालें तर तो घर मोडण्याचें साधन ठरेल. सुशिक्षित कुटुंबांत हें दुसरें घडूं लागलें आहे, म्हणूनच इतक्या कडक शब्दांत लिहावें लागलें.

तो विद्यार्थी सुमारें दोन महिन्यांनीं पुन्हां भेटला. या वेळीं त्याच्या हातांत वही होती. वडिलांना विचारून त्यानें पाळ्यांचा हिशेब लिहिला होता: तीन आठवड्यांपैकीं एकच आठवडा असा, कीं बाप आणि मुलगा एकाच वेळीं जागे असत, आणि त्या आठवड्यांत शाळेंत पोंचवायला वडील येत. हें त्याला आठवत नव्हतें. वडिलांना आठवत होतें. राग गेला का, असें आम्हीं विचारलें. “पुरता नाहीं,” तो म्हणाला, “पण आतां बोलतों आम्ही.” त्यानंतर त्यानें आपल्या चाळींतल्या इतर कामगारांनाही तेच प्रश्न विचारण्यास आरंभ केला. सात घरें झालीं आहेत. सात घरांवरून कांहींही सिद्ध होत नाहीं, असें आम्हीं त्याला बजावलें. “ठाऊक आहे, सर,” तो म्हणाला, “म्हणूनच आठव्या घरीं चाललोंय.”