माशाने अंगावर घेतलं म्हणे!

आमच्या भोकरला टाकीतला मासा मेला की त्याचं कारण घरात आधीच ठरलेलं असतं. "घरावर काहीतरी येणार होतं, त्याने अंगावर घेतलं." मग मेलेला काढायचा, बाजारातून त्याच रंगाचा दुसरा आणायचा आणि आकडा परत नऊ करायचा. आठ सोनेरी, एक काळा. हा हिशेब मूळचा फेंगशुईचा, पण आता आपल्या वास्तुशास्त्रात असा मिसळलाय की विचारायची सोय नाही. चार दिवसांनी नवा मासाही मरतो. मग काय? "बघा, संकट किती मोठं होतं!"

मंडळी, कुणाच्या श्रद्धेला हात लावायची मला हौस नाही. नातेवाईक हा ब्लॉग वाचतात आणि दिवाळीला मला सगळ्यांच्या घरी जायचंय. पण कारण आयतं मिळालं की माणूस चौकशी करत नाही, एवढंच माझं म्हणणं. टाकीत साथ आलेली असते आणि आपण तिला रोज नवीन मासा आणून घालतो.

सगळ्यात जास्त दिसणारी साथ म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची. मासेवाले तिला 'इच' म्हणतात. अंगावर, परांवर मीठ भुरभुरल्यासारखे कण दिसतात. मासा दगडाला, पाइपला अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो. कधीकधी ठिपका दिसतच नाही, कारण कल्ले आधी भरलेले असतात. तेव्हा मासा नुसताच वर येऊन धापा टाकतो.

आता खरी गंमत (माशासाठी नाही). हा ठिपका म्हणजे एक सूक्ष्म परजीवी, आणि तो माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो. तिथे त्याला कुठलंही औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं कवच फोडून बाहेर पडली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त ह्या पोहत्या पिल्लांना. पाणी 25 अंशाच्या आसपास असेल तर ही सगळी फेरी आठवड्याच्या आत होते, थंड पाण्यात ती खूप लांबते.

म्हणजे काय झालं बघा. दुकानदार म्हणतो, "साहेब, हे निळं औषध चार थेंब टाका, दोन दिवसांत साफ." आपण टाकतो, दोन दिवसांत ठिपके खरंच जातात. आपण खूश, बाटली कपाटात. ठिपके गेले कारण किडे पोटभर खाऊन तळाला उतरले! आठवड्याने शंभराने परत येतात आणि मग "औषध डुप्लिकेट होतं हो" म्हणून दुकानदाराला शिव्या. माझ्या मते ठिपका दिसेनासा झाला त्या दिवशी तर औषध अजिबात थांबवू नये. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठ-दहा दिवस चालू ठेवावं आणि तळाची घाण रोज नळीने ओढून काढावी.

आपल्याकडे हे नेमकं थंडीत का होतं, ह्याचंही उत्तर हवेतच आहे. मराठवाड्यात डिसेंबरात दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे हुडहुडी भरते. दहा-वीस लिटरची छोटी टाकी ह्या उतार-चढावाबरोबर वरखाली होते, माशाची ताकद कमी होते. उलट पाणी 30 अंशांच्या वर काही दिवस राहिलं तर ह्या परजीवीची वाढ बहुधा खुंटते. म्हणून जाणकार हीटर लावून तापमान हळूहळू वाढवतात आणि लिटरमागे एक-दोन ग्रॅम मीठ घालतात. फक्त गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे हवेचा पंप जोरात हवा. आणि आपल्याकडची लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवरचा पंप घरात असलेला बरा.

पण हाच हीटर दुसऱ्या रोगात घात करतो. तोंडाभोवती, पाठीवर कापसासारखं पांढरं दिसलं की लोक त्याला बुरशी म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ती बुरशी नसते, कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणू असतो, आणि त्याला ऊबच आवडते. म्हणून माझा आग्रह असा की बाटली उघडायच्या आधी दहा मिनिटं टाकीपुढे बसा. ठिपका आहे की कापूस? एकाला आहे की सगळ्यांना? सगळेच एकदम धापा टाकत असतील तर रोगापेक्षा पाण्याचा संशय आधी घ्यावा. एखादा मासा महिनोन् महिने वाळत जातो, पाठ वाकते, अंगावर जखमा होतात. हा माशांचा क्षय असू शकतो. त्याचा जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि लवकर बऱ्या न होणाऱ्या गाठी करतो. अशा टाकीत उघड्या जखमेचा हात घालू नका, पोरांना तर मुळीच नाही.

बरं, हे सगळं घरात येतं कुठून? दुकानातल्या पिशवीतून. भोकरला येईपर्यंत त्या माशाने किती गावचं पाणी बदललेलं असतं आणि किती टाक्यांतल्या माशांशी त्याचा शेजार झालेला असतो, देवाला ठाऊक. तरी आपण पिशवी पाण्यासकट टाकीत ओततो. 2020 मध्ये पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना गावोगाव शाळेत चौदा दिवस बसवलं होतं, आठवतंय ना? रक्ताच्या नात्याला लावला तो नियम वीस रुपयांच्या माशाला लावायला काय हरकत आहे? एक प्लॅस्टिकचा टब, एक छोटा स्पंज फिल्टर, वेगळी जाळी. नवीन मासा तीन-चार आठवडे त्यात. पिशवीतलं पाणी टाकीत नाही, मोरीत. शंभरच्या वर वाचलेल्या बाटल्यांपेक्षा हा टब जास्त कामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा. टाकीला कंटाळलेले लोक आजारी मासे "जिवंत आहेत बिचारे" म्हणून नदीत, तळ्यात, विहिरीत सोडतात. पुण्य म्हणून! उजनीच्या जलाशयात टाकीतलाच सकर मासा आज मच्छिमारांच्या जाळ्यात येऊन बसलाय, हे पेपरात वाचलंच असेल. रोगाचंही तेच. माशांच्या अंगावर लाल व्रण पाडणारी साथ 1971 मध्ये जपानात पहिल्यांदा दिसली, 1988 मध्ये भारतात आली आणि पुढे देशभर पसरली. मरळीला ती फार बाधते, आणि जोर करते तीही थंडीतच. तिची बुरशीसारखी जात शोभेच्या गुरामी माशांबरोबर परदेशातही पोचलेली सापडली आहे. आपल्या सुधा धरणासारख्या पाण्यात मरळ, रोहू धरून ज्यांची चूल पेटते, त्यांना हे पुण्य किती महागात पडेल?

मेलेला मासा अंगणात किंवा कुंडीत हातभर खोल पुरावा. न वाचणारा असेल तर लवंगेचं तेल पाण्यात घोटून, त्यात गुंगी आणून शांतपणे संपवावा, म्हणजे श्वास थांबल्यावरही निदान अर्धा तास त्यातच ठेवावा. टाकीचं पाणी औषध-मीठ नसेल तर झाडांना, असेल तर मोरीत. जाळी उन्हात कडक वाळवावी. आणि नवीन मासा आणायच्या आधी रिकामी टाकी कोमट पाण्यावर आठवडा-दोन आठवडे तशीच चालू द्यावी. ठिपक्यांच्या पिल्लांना मासाच मिळाला नाही की ती आपोआप संपतात. तेवढे दिवस आकडा नऊचा शून्य राहील, राहू द्या.