त्यांना विचारलं का?

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागायची. त्यांतले एक निवृत्त शिक्षक सही झाली तरी माझ्या टेबलासमोर बसून राहत. राहते घर त्यांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिले होते. एकदा म्हणाले, "साहेब, पूर्वी मुलगा माझ्याकडे राहायचा. आता मी मुलाकडे राहतो." छळ नव्हता, उपासमार नव्हती. फक्त पंखा लावायचा तरी ते विचारून लावत.

हे ऐकलेले असूनही गेल्या वर्षी मी तीच चूक करायला निघालो होतो.

माझी थोरली बहीण डोंबिवलीत राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भावोजींचे गुडघे गेल्यापासून ते दवाखान्यापुरतेच खाली उतरत. पुण्याहून भाचा आला. म्हणाला, "मामा, हे घर विकू, माझे पैसे घालू आणि पुण्यात मोठा फ्लॅट घेऊ. कर्ज मी काढणार, तेव्हा नावही माझंच राहू दे." मुलगा मनाने सरळ. बँकेतला मामा म्हणून मला बोलावलेले. मी कागद घेतला, आकडेमोड केली, सगळे चोख जमत होते. तेवढ्यात कपबश्या उचलायला आलेली ताई म्हणाली, "तू मला काही विचारलं नाहीस."

खरेच विचारले नव्हते. तासभर आम्ही तिच्या घराबद्दल बोलत होतो आणि ती आत पोहे करत होती.

विचारल्यावर कळले, ताईला मोठा फ्लॅट नकोच होता. तिला हवी होती फक्त लिफ्ट. तिचे भजनी मंडळ, अर्ध्या रात्री फोन उचलणारे डॉक्टर, नावाने ओळखणारा वाणी, हे सारे डोंबिवलीत. पुण्यात तिला मुलगा-सून भेटले असते, तेही रात्री आठनंतर.

भाचा दुखावला. "मग मी काय परका?" त्याचेही चुकत नव्हते. मुलाचे पैसे लागले, तर त्याचे नाव जरूर लागावे. पण आईवडिलांच्या नावांसोबत, त्यांच्याऐवजी नव्हे.

ज्येष्ठांना मदत करणे म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब आपण मांडावा, शेवटचा शब्द त्यांचा असावा. आणि शेवटच्या शब्दाला वजन राहायचे, तर घर त्यांच्या नावावर हवे. मुलांना द्यायचे ते मृत्युपत्राने द्यावे. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते, बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील २३ वे कलम आधाराला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. पण ती अट कागदावर असलेली बरी. शिवाय पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला ऐंशीव्या वर्षी कोणाचे पाऊल उचलते?

आणखी एक. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे घरोघरी सांगायला हवे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो. ती कोणाची, हे मृत्युपत्र वा वारसाहक्काचा कायदा ठरवतो. घर विकून उरलेली रक्कमही ज्येष्ठांच्याच नावे राहावी. साठी ओलांडलेल्यांसाठी पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा तीस लाखांवर गेली. व्याज दर तिमाहीला हाती पडते. कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

आणि घर बदलायचे तर पाय चालतात तोवर बदलावे. पडून हाड मोडल्यावर घर निवडायला आपण जात नाही, आपल्याला नेले जाते.

ताईने दोन गल्ल्या पलीकडे लिफ्टच्या इमारतीत एक खोली कमी असलेले घर घेतले, दोघांच्या नावावर. भाच्याने दोन दिवस राहून न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवून घेतल्या. भावोजी आता रोज संध्याकाळी खाली उतरतात. परवा मी गेलो तेव्हा दार बंद होते. दोघेही बाहेर गेली होती, आणि मी पायरीवर बसून आनंदाने वाट पाहिली.