पहाटेचा तास कोणाच्या खात्यातला?

लवकर निजावं, लवकर उठावं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. उठल्यावर काय करायचं, याचं उत्तर मात्र घरातल्या माणसागणिक बदलतं. वडील पाच वाजता बूट चढवून धावायला निघाले, की शेजारी कौतुकानं म्हणतात, ‘तब्येतीला जपतात हो!’ त्याच वेळी आई निघाली, की पहिला प्रश्न येतो, ‘मग मुलांच्या डब्याचं काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो दोघांनाही विचारला जायला हवा.

मी ठाण्यात राहते आणि नोकरीसाठी रोज मुंबईला जाते. दोन मुलं, त्यातल्या एकाची शाळा सकाळची. पाणी साडेपाचला येतं, दूध पावणेसहाला आणि माझी गाडी आठ वाजून चार मिनिटांची. तरीही गेली सहा वर्षं आठवड्यातून तीन दिवस मी पहाटे तलावपाळीला धावते. ऑफिसातल्या मैत्रिणी हमखास विचारतात, ‘अगं, वेळ कसा काढतेस?’ मी सांगते, वेळ निघत नाही. दिवसाचा पंचविसावा तास काढणारी बाई अजून जन्माला यायची आहे. मी तळ्याभोवती धावत असते तेव्हा घरातलं पाणी कोणीतरी भरत असतं, दूध कोणीतरी तापवत असतं. माझा पहाटेचा तास दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून आलेला असतो.

आणि हे खातं मुळातच कसं विषम आहे, ते पाहा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामाला हात लावणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, तर पुरुषांचा ८८ मिनिटं. जे पुरुष घरकामाकडे फिरकतच नाहीत, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत.

याच्या तुलनेत शरीराची मागणी किती माफक आहे! जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोमदार व्यायाम सांगते. म्हणजे धावणाऱ्याला पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या तीन पहाटा पुरतात. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या हृदयाला, रक्तदाबाला आणि साखरेला त्याचा मोठाच आधार होतो. त्यासाठी शर्यत जिंकायची नसते. धावता धावता सोबतिणीशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढाच वेग सुरुवातीला पुष्कळ.

बाईच्या जातीला धावणं झेपत नाही, ही समजूत जगभर होती. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आठशे मीटर धावल्या. नंतर ती शर्यतच रद्द झाली, ती थेट १९६० साली परत आली. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून होती. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला १९८४ साल उजाडावं लागलं. त्याच लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं पदक एक शतांश सेकंदानं हुकलं, ते आपल्याला अजून हळहळ लावतं. आता बाईला झेपेल का, असं कोणी उघड म्हणत नाही. आता तिची वाट अडते ती गॅसच्या शेगडीपाशी.

आमच्या घरी ही वाट बोलून मोकळी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार नवऱ्याचे. माझ्या दिवशी पाणी, दूध आणि डबा त्याच्याकडे. त्याच्या पोळ्या पहिले काही महिने नकाशासारख्या होत होत्या, मुलांनी त्या निमूट खाल्ल्या. थोरली आपला गणवेश रात्रीच इस्त्री करून ठेवू लागली. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, ‘आजारपणात मी आहेच, पण माझी पूजेची सकाळ यात धरू नका.’ मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं. सुनेनं धावावं म्हणून सासूनं ओट्याशी उभं राहायचं, तर एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर गेलं, इतकंच.

पहाटेची तयारी खरी रात्री होते. मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच, तेव्हा पाचला उठायचं तर दहाला दिवे मालवायला हवेत. भाजी चिरलेली, कणीक मळलेली आणि टीव्ही बंद. झोप कापून केलेला व्यायाम चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी चिडचिड घरभर होते. अंधारात शक्यतो सोबतीनं धावावं, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं जावं.

‘इच्छा असली की वेळ मिळतोच,’ असं म्हणणारे मला निष्ठुर वाटतात. पाळीची नोकरी करणारा बाप, एकटीनं मुलं वाढवणारी आई, नळावर रांग लावणारं घर, यांच्या इच्छेत काही उणं नसतं. त्यांच्यासाठी मैदानं पहाटे उघडी हवीत, रस्त्यावर दिवे हवेत आणि शेजारच्या कोणीतरी ‘अर्धा तास मी बघते मुलाकडे’ म्हणायला हवं. ज्या घरात दोन धडधाकट माणसं आहेत, तिथे मात्र ही सबब चालत नाही.

आज रविवार, सगळे घरी असतील. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे मांडतो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. तिथेच आज येत्या आठवड्यातली कोणती पहाट कोणाची, तेही नावानिशी लिहा. आणि बाईच्या नावापुढे किमान तीन दिवस येतात ना, तेवढं मोजून पाहा.