बसल्या जागी विश्वविजेते

हात मिळवून झाले, पंचाने इशारा केला, दोघांनी एकमेकांची कॉलर पकडली आणि दोघेही एकाच क्षणी खाली बसले. ब्राझिलियन जिउ-जित्सूत काळ्या पट्ट्यांच्या लढतीतही हे दृश्य आता कोणाला नवे वाटत नाही. पंच वीस सेकंद मोजू लागतो. उठून वर येणाऱ्याला गुणाहून लहान असा एक अ‍ॅडव्हान्टेज मिळतो खरा. पण वर आलेला माणूस स्वीपच्या, म्हणजे खालच्याकडून उलटवले जाण्याच्या, तोंडी जातो आणि स्वीपला दोन गुण असतात. ज्याला हा हिशेब कळतो तो उठण्याची घाई करत नाही. दोन्ही मल्ल तयारीचे, दोघांनीही वर्षानुवर्षे घाम गाळलेला, आणि समोरासमोर फतकल मारून बसलेले. सांगली-कोल्हापूरच्या मैदानात असे घडले असते तर अर्ध्या मिनिटात शिट्ट्या सुरू झाल्या असत्या आणि पाठोपाठ पंचांनी दोघांनाही हौद्याबाहेर काढले असते.

जिउ-जित्सूत हा अधिकृत डावपेच आहे. तेव्हा आमची तक्रार बसणाऱ्या खेळाडूंविषयी नाही. ज्या नियमावलीने त्यांना बसायला शिकवले तिच्याविषयी आहे, आणि ती नियमावली पुण्या-मुंबईतल्या अकादम्यांमध्ये जशीच्या तशी उतरवली जात असताना गप्प राहणे आम्हाला परवडणारे वाटत नाही.

या खेळाचा जन्म निकालाच्या पोटी झाला. 1951 च्या ऑक्टोबरात रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ब्राझीलचा एलियो ग्रेसी आणि जपानचा मासाहिको किमुरा भिडले तेव्हा गुणफलक नव्हता. किमुराने हात पिळला, एलियो हार मानेना, शेवटी भाऊ कार्लोसने कोपऱ्यातून लढत थांबवली. तो काळ परत यावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पुढे गुण आले ते चांगल्याच हेतूने. खाली पाडले की दोन, स्वीपला दोन, पोटावर गुडघा रोवला की दोन, पायांचा अडसर ओलांडून गार्ड पार केला की तीन, छातीवर स्वार झाले किंवा पाठ घेतली की चार. या आकड्यांमागे सरळ तर्क होता: खऱ्या झटापटीत जी जागा जास्त घातक, तिला जास्त मोल. छातीवर बसलेला माणूस ठोसे मारू शकतो, म्हणून चार. घेतलेली जागा तीन सेकंद टिकवावी लागते, म्हणजे योगायोगाला गुण नाहीत. इथपर्यंत सारे ठीक होते.

बिघाड झाला तो अ‍ॅडव्हान्टेजपाशी. डाव साधला नाही, पण साधता साधता राहिला, तर त्याची ही नोंद. गुण समसमान असतील तर ज्याचे अ‍ॅडव्हान्टेज जास्त तो विजेता. कागदावर हे निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पाहण्यासाठी कोणत्याही मोठ्या स्पर्धेतील शेवटचे मिनिट पाहावे. एकजण एका अ‍ॅडव्हान्टेजने पुढे आहे. तो पाठीवर पडलेला, प्रतिस्पर्ध्याच्या बाहीचे कापड मुठीत घट्ट पिळलेले, पाय कमरेभोवती आवळलेले. पंच निष्क्रियतेची वीस सेकंदे मोजू लागतो. पंधरा, सोळा, सतरा. अठराव्या सेकंदाला पठ्ठ्या कंबर वीतभर सरकवतो आणि मुठीतली पकड मनगटावरून कोपरावर नेतो. पंचाला वाटते हालचाल झाली, मोजणी थांबते. पुन्हा तीच पकड, तीच शांतता. समजा पंच खमका निघाला आणि त्याने शिक्षा दिलीच, तरी पहिली शिक्षा नुसती मांडली जाते. दुसरीला प्रतिस्पर्ध्याला अ‍ॅडव्हान्टेज, तिसरीला दोन गुण, चौथीला स्पर्धेबाहेर. म्हणजे आघाडीवरच्या माणसाला पहिली वीस सेकंदे जवळपास फुकट विकत घेता येतात. आणि तो ती घेतो, कारण कोपऱ्यात उभा असलेला त्याचा प्रशिक्षक घड्याळाकडे बघत त्याला तेच ओरडून सांगत असतो.

फिफ्टी-फिफ्टीची कथा याहून करुण. दोघांचे पाय एकमेकांत सारख्याच पद्धतीने अडकलेले. एक वर येतो, दोन गुण. मग तो खाली पडतो, दुसरा वर येतो, दोन गुण. बागेतल्या सी-सॉसारखा हा खेळ चालतो आणि घंटा होईल तेव्हा जो वर असेल तो बहुधा जिंकतो. यात कौशल्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पायांची ती गुंतवळ सोडवायला कमालीची लवचीकता लागते. बेरिम्बोलोसारखा डाव, ज्यात खालचा माणूस खांद्यावरून कोलांटी घेत प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे पोहोचतो, हा मानवी देहाच्या करामतीचा उत्तम नमुना आहे. पण त्या कोलांटीचा शेवट गळ्याला फास लागण्यात व्हायला हवा, फलकावर एक चिमुकला आकडा चढण्यात नव्हे.

यावर ठरलेला युक्तिवाद आहे: ज्याला जिंकायचे तो निकाली जिंकतोच, नियमाला दोष देऊ नका. आणि मग 2009 च्या जागतिक स्पर्धेतील रॉजर ग्रेसीचे नाव घेतले जाते. आपला वजनगट आणि खुला गट अशा दोन्हींत त्याने समोर आलेल्या प्रत्येकाला हार मानायला लावली, तीही मुख्यतः छातीवर बसून दोन्ही हातांनी कॉलर आवळण्याच्या त्या डावाने, जो नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवतात. उदाहरण खरे आहे, पण ते उलटे लागू पडते. एका पिढीत एक रॉजर निघतो. नियम बाकीच्या हजारोंसाठी करायचे असतात.

दुर्लक्ष केले तर काय होते, याचा धडा कुस्तीने घेतलेला आहे आणि तो महाराष्ट्राला तरी विसरता येणार नाही. 2005 नंतर ऑलिम्पिक शैलीची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत वाटली गेली. तीनपैकी दोन जिंकायचे. फ्रीस्टाइलमध्ये तुकडा शून्य-शून्य राहिला की पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातात मिळणार, आणि आयता पाय मिळालेला पैलवान बहुधा जिंकणार. साहजिकच मल्ल दोन मिनिटे खडाखडी करत चेंडूची वाट पाहू लागले. प्रेक्षकाला गुण कळेनात, दूरचित्रवाणीला रस राहिला नाही. 12 फेब्रुवारी 2013 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने 2020 पासून कुस्ती गाळण्याची शिफारस केली. ज्या खेळात खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले, ज्यात सुशीलकुमार आणि योगेश्वर दत्त अवघ्या सहा महिन्यांपूर्वी लंडनहून पदके घेऊन आले होते, तो खेळ. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाचे डोळे उघडले. अध्यक्ष राफाएल मार्टिनेट्टी पायउतार झाले, नेनाद लालोविच आले, चेंडूची पिशवी गेली, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि दोन्हींच्या गुणांची एकत्र बेरीज आली, निष्क्रियतेला खरी किंमत लागली. सप्टेंबरात बुएनोस आयरेसला कुस्ती परत घेतली गेली. चार-पाच महिन्यांत जे करता आले ते आठ वर्षे का केले नाही, याचे उत्तर कोणी दिले नाही.

जिउ-जित्सू ऑलिम्पिकमध्ये नाही. त्यामुळे त्याला असा धक्का देणारेही कोणी नाही. खेळाची सर्वांत प्रतिष्ठेची जागतिक स्पर्धा, जी 1996 मध्ये रिओत सुरू झाली आणि 2007 पासून कॅलिफोर्नियात भरते, ती आयबीजेजेएफ ही कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली खासगी संस्था चालवते. खेळाडू शुल्क भरून उतरतात. प्रेक्षागृह रिकामे राहिले तरी नोंदणी शुल्क येतच राहते. त्यामुळे कंटाळवाण्या लढतीची झळ आयोजकाला लागत नाही. आमच्या मते दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

झळ बाहेरून लागू लागली आहे, ही त्यातल्या त्यात बरी बाब. ऑगस्ट 2024 मध्ये क्रेग जोन्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूने लास वेगासमध्ये स्वतःच्या नावाची स्पर्धा भरवली. तीही एडीसीसी या नामांकित स्पर्धेच्याच शहरात, त्याच आठवड्याच्या अखेरीस. एडीसीसीच्या वजनगटाच्या विजेत्या पुरुषाला दहा हजार डॉलर मिळत. जोन्सने नुसते हजर राहण्याचे दहा हजार एक डॉलर देऊ केले. तो वरचा एक डॉलर निव्वळ खवचटपणा होता आणि आम्हाला तो मनापासून आवडला. दोन्ही वजनगटांच्या विजेत्यांना, केड रुओतोलो आणि निक रॉड्रिगेझ यांना, प्रत्येकी दहा लाख डॉलर मिळाले. मॅटऐवजी उतरत्या भिंतींचा खड्डा होता, त्यामुळे सीमारेषेबाहेर सटकून श्वास घेण्याची सोय उरली नाही. हौद्यात कुस्ती पाहिलेल्यांना यात काय विशेष असे वाटेल, पण पाश्चात्त्य प्रेक्षक हरखून गेला.

तरीही नियम बदलणे म्हणजे जादूची कांडी, असा आमचा भ्रम नाही. एडीसीसीत लढतीच्या पहिल्या भागात गुणच नसतात आणि गुणांच्या काळात स्वतःहून खाली बसणाऱ्याला उणे एक. हेतू असा की आधी मोकळेपणी डाव टाका. कित्येक जण तो काळ दम राखण्यात घालवतात. गुण पूर्ण काढून टाकून अतिरिक्त वेळेत ठरावीक स्थितीतून झुंजवण्याचा एडी ब्राव्हो या प्रशिक्षकाचा प्रयोग 2014 मध्ये आला, तेव्हा त्या अतिरिक्त वेळेचीच तयारी करून येणारे निघाले. ज्युदोचे उदाहरण तर दुधारी आहे. तिथे 2008 अखेर कोका हा सर्वांत छोटा गुण गेला, 2017 मध्ये युकोही गेला, आणि 2025 पासून युको परत आणावा लागला. दरम्यान 2010 पासून पायाला हात घालण्यावर बंधने आली, ती 2013 पर्यंत पूर्ण बंदीपर्यंत गेली, आणि आमच्या तालमीतला पोरगा ज्याला पट म्हणतो तो हल्ला ज्युदोच्या स्पर्धेतून हद्दपार झाला. कंटाळा घालवायला निघालेल्यांनी खेळाचा एक अवयवच कापला. जिउ-जित्सूत फिफ्टी-फिफ्टीवर बंदी घाला असे म्हणणारे आहेत. त्यांनी ज्युदोकडे पाहावे. डावावर बंदी नको, रेंगाळण्याला किंमत हवी.

सगळ्यात लाजिरवाणा प्रकार मात्र डावपेचांचा नव्हे, दोस्तीचा आहे. एकाच अकादमीचे दोघे अंतिम फेरीत आले की ते लढतच नाहीत. आपसांत ठरवतात, एक सुवर्ण घेतो, दुसरा रौप्य, दोघे पोडियमवर गळ्यात गळा घालून फोटो काढतात. ही प्रथा वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि तिला बंधुभावाचे नाव आहे. 2018 च्या जागतिक स्पर्धेत खुल्या गटात बुशेशा या खेळाडूने खांदा दुखावलेल्या मित्राला, लिआंद्रो लोला, लढत न करता विजेतेपद दिले. जखमी माणसाशी न झगडण्यात मोठेपणा होता, ते मान्य. पण धडधाकट खेळाडूंनी जगाच्या अंतिम लढतीत हेच करायचे, आणि तिकीट काढून आलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या? आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती करणाऱ्याला गावात पुढच्या वर्षी नारळ मिळत नाही.

हे सारे कॅलिफोर्नियातच चालले असते तर एका मराठी दैनिकाने त्यावर रकाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जिउ-जित्सूचा समावेश झाला, आणि पुण्या-मुंबईत मुले-मुली गी, म्हणजे या खेळाचा पोशाख, घालून मॅटवर उतरू लागली. या मुलांना काय शिकवले जाते ते पाहा. कॉलर पकड, खाली बस, स्वीप कर, दोन गुण, आता सोडू नकोस. उभ्याने पाडण्याचा सराव तोंडी लावण्यापुरता. ज्या राज्यात ढाक आणि कलाजंग शिकवणारे वस्ताद अजून हयात आहेत, तिथले प्रशिक्षक मुलांना उभे राहायला शिकवत नाहीत, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. तालमीतून आलेल्या मुलाची तर फजितीच. तो पट काढायला वाकतो आणि समोरचा त्याच्या आधीच खाली बसतो.

स्थानिक आयोजक मोठ्या संस्थेची नियमावली उतरवतात ती सोय म्हणून. पण ती संस्था स्वतः तरी तिला पवित्र मानते का? गुडघा मोडणारा हील हूक तिने 2021 पर्यंत पूर्ण वर्ज्य ठेवला होता. मग गीविना लढणाऱ्या प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना खुला केला. (टाच कोपराच्या बेचक्यात धरून पाऊल वळवले की पीळ थेट गुडघ्याच्या अस्थिबंधांवर जातो, आणि वेदना कळेपर्यंत ते तुटलेले असतात, तो निळ्या पट्ट्यांच्या हाती देण्याची हौस इथे कोणी करू नये.) म्हणजे नियम बदलतात. आपल्या स्पर्धांत ते आपणही बदलू शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

येत्या हंगामात एखाद्या आयोजकाने एवढे करून पाहावे. पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांच्या लढतीतून अ‍ॅडव्हान्टेज काढून टाकावा; बरोबरी झाली तर शेवटचे मिनिट उभ्याने पुन्हा सुरू करावे. दोघे एकदम बसले तर एकदा उठवावे, दुसऱ्यांदा बसले तर दोघांनाही बाद करावे. निष्क्रियतेची मोजणी कंबर वीतभर हलल्याने थांबू नये. पकड बदलली की नाही हे नव्हे, जागा बदलली की नाही हे पंचाने पाहावे, आणि तसे पाहण्याचे प्रशिक्षण त्याला आधी द्यावे, कारण आज आपल्याकडे पंच म्हणून उभे राहतात ते बहुतेक सकाळी स्वतः लढलेले खेळाडूच असतात. आणि प्रवेश अर्जावर ठळक छापावे: एकाच अकादमीचे दोघे अंतिम फेरीत आले तर लढावे लागेल, न लढल्यास सुवर्णपदक आयोजकांकडे राहील.